जुन्या बेसबॉल कार्डाला कोटींचा भाव कशामुळे येतो?

ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेतल्या हेरिटेज ऑक्शन्सच्या लिलावात पुठ्ठ्याचं एक कार्ड १ कोटी २६ लाख डॉलरला विकलं गेलं. त्या वेळच्या दराने जवळजवळ १०० कोटी रुपये. कार्ड १९५२ सालचं, टॉप्स या च्युइंगगम कंपनीने काढलेलं. त्यावर चित्र होतं न्यूयॉर्क यँकीज संघाच्या मिकी मँटलचं. मुलांनी च्युइंगगम घ्यावं म्हणून पाकिटात टाकलेल्या या कार्डाला तोवर कुठल्याही बेसबॉल कार्डाला न मिळालेला भाव मिळाला.

अशी बातमी वाचली की मनात दोन उत्तरं येतात. एक, जुनं आहे म्हणून महाग. दुसरं, दुर्मिळ आहे म्हणून महाग. दोन्ही अर्धवट आहेत. या मँटलपेक्षा चाळीस वर्षांनी जुनी कार्डं आजही शंभर डॉलरच्या आत मिळतात. आणि १९५२ च्या त्याच मालिकेत मँटलपेक्षा कमी संख्येने छापलेली कितीतरी कार्डं आहेत, त्यांची नावं बाहेर कुणाला ठाऊकही नाहीत.

कार्डावर खेळाडू कोण, प्रती उरल्या किती, हातातली प्रत कोणत्या अवस्थेत आहे आणि ती अस्सल असल्याची खात्री किती, या चार गोष्टींवर भाव ठरतो. त्यांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. एक गोष्ट शून्याजवळ गेली की बाकीच्या तिन्ही कितीही भक्कम असल्या तरी भाव कोसळतो.

ही कार्डं मुळात कशासाठी होती?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत सिगारेटची पाकिटं मऊ कागदाची असत. ती चुरगळू नयेत म्हणून आत जाड पुठ्ठ्याचा तुकडा ठेवत. कोरा तुकडा ठेवण्यापेक्षा त्यावर खेळाडूचं चित्र छापलं तर गिऱ्हाईक पुन्हा त्याच दुकानात येतं, हे कंपन्यांनी ओळखलं. १९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीने काढलेली पाचशेहून अधिक कार्डांची मालिका आज टी-२०६ या नावाने ओळखली जाते. हे नाव कंपनीचं नव्हे. जेफरसन बर्डिक नावाच्या संग्राहकाने अशा छापील कार्डांची सूची तयार केली. तीत विसाव्या शतकातल्या तंबाखूच्या कार्डांना टी हे अक्षर दिलं, एकोणिसाव्या शतकातल्यांना एन, जुन्या मिठाईच्या कार्डांना ई. बर्डिकने आपला तीन लाखांवर वस्तूंचा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयाला दिला. त्याची वर्गवारी आजही सगळा बाजार वापरतो.

पुढे तंबाखूची जागा मिठाईने आणि च्युइंगगमने घेतली. १९३३ मध्ये गाउडी कंपनीची २४० क्रमांकांची मालिका आली. दुसऱ्या महायुद्धानंतर बोमन आणि टॉप्स या च्युइंगगम कंपन्यांत चुरस लागली आणि १९५६ मध्ये टॉप्सने बोमनला विकत घेतलं. १९८१ मध्ये फ्लीअर आणि डॉनरस या कंपन्या बाजारात उतरल्या आणि छपाई वाढतच गेली. म्हणून बरेच संग्राहक १९८० पर्यंतच्या कार्डांना व्हिंटेज म्हणतात, तर महायुद्धाआधीच्या कार्डांना प्री-वॉर असा वेगळा मान देतात.

यातलं एकही कार्ड जपून ठेवण्यासाठी बनवलेलं नव्हतं. ती खिशात कोंबली गेली, रबरबँड लावून गठ्ठ्यात बांधली गेली, सायकलच्या आऱ्यांत अडकवली गेली, वहीत गोंदाने चिकटवली गेली आणि घर आवरताना टाकूनही दिली गेली. आजच्या भावाचं मूळ या हाताळणीत आहे.

नामवंत खेळाडू असला की पुरे?

पुरे नाही, पण सुरुवात तिथूनच होते. न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउन गावात बेसबॉलचं हॉल ऑफ फेम आहे. कारकीर्द संपल्यावर तिथे निवड होणं हा या खेळातला सर्वोच्च सन्मान. १९३६ मध्ये निवडलेले पहिले पाच जण म्हणजे टाय कॉब, बेब रूथ, होनस वॅग्नर, ख्रिस्टी मॅथ्यूसन आणि वॉल्टर जॉन्सन. एकाच मालिकेतल्या, एकाच अवस्थेतल्या दोन कार्डांपैकी एकावर कॉब असेल आणि दुसऱ्यावर विसरला गेलेला कुणी खेळाडू, तर भावात दहा-वीस पट फरक सहज पडतो. विसरलेल्यांच्या कार्डांना बाजारात कॉमन म्हणतात.

सन्मानाच्या यादीइतकंच महत्त्व खेळाडूच्या गोष्टीला असतं. जॅकी रॉबिन्सन १५ एप्रिल १९४७ ला ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला आणि मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलमध्ये, कृष्णवर्णीयांसाठी कित्येक दशकं बंद असलेलं दार उघडलं. पोर्तो रिकोचा रोबेर्तो क्लेमेंते भूकंपग्रस्त निकाराग्वाला मदत घेऊन जाताना ३१ डिसेंबर १९७२ ला विमान अपघातात गेला. केवळ धावांच्या आणि षटकारांच्या हिशेबात या दोघांच्या बरोबरीचे खेळाडू सापडतील, पण त्यांच्या कार्डांना यांच्याइतकी मागणी नाही. पन्नास-साठ वर्षांनीही नव्या पिढीला ज्याच्याबद्दल सांगावंसं वाटतं, त्याचं कार्ड टिकतं.

त्यानंतर येतं रूकी कार्ड, म्हणजे खेळाडूचं मोठ्या मालिकेतलं पहिलं कार्ड. हँक आरनचं १९५४ चं टॉप्स, क्लेमेंतेचं १९५५ चं टॉप्स ही ठळक उदाहरणं. पण इथे मँटल नियम मोडतो. त्याचं रूकी कार्ड १९५१ चं बोमन आहे आणि १९५२ चं टॉप्स त्यापेक्षा कित्येक पट महाग जातं. बोमनचं कार्ड होतं साधारण ५२ बाय ७९ मिलिमीटरचं. टॉप्सच्या साय बर्गरने वुडी गेलमनसोबत १९५२ ची मालिका आखली, तेव्हा कार्ड जवळपास ६७ बाय ९५ मिलिमीटरचं केलं. पुढे ठळक रंग, संघाचं बोधचिन्ह आणि छापील सही, मागे आकडेवारी. कार्ड कसं दिसावं याचा साचा इथे घडला आणि टॉप्सचं पुढचं अर्धशतक त्यावर उभं राहिलं. त्यामुळे हे कार्ड मँटलचं जितकं, तितकंच या छंदाचंही प्रतीक झालं. पहिलं कार्ड आणि सर्वांत हवंहवंसं कार्ड एकच असेल असं नाही. खरेदी करताना नवखे लोक हा फरक नेहमी विसरतात.

किती छापली आणि किती उरली

दुर्मिळता तीन वाटांनी येते. तिन्ही नीट ओळखायला हव्यात, कारण विक्रेते त्या सर्रास एकमेकांत मिसळतात.

पहिली वाट, मुळात कमी छपाई. टी-२०६ मधला होनस वॅग्नर हे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. पिट्सबर्ग पायरेट्सच्या या खेळाडूने आपलं चित्र वापरायला हरकत घेतली आणि छपाई लवकरच थांबली. मुलांनी सिगारेट घ्यायला लागू नये म्हणून त्याने नकार दिला असं काही जण मानतात, तर मोबदल्यावरून बिनसलं असं इतर. आज साठच्या आसपास प्रती ज्ञात आहेत. ऑगस्ट २०२१ मध्ये अशी एक प्रत ६६ लाख डॉलरला गेली आणि पुढच्या वर्षी दुसरी ७२.५ लाखांना. २०२२ मध्येच फाटून अर्धं उरलेलं एक वॅग्नर कार्ड सुमारे पावणेपाच लाख डॉलरला विकलं गेलं. बेब रूथ यँकीजमध्ये येण्याच्या कितीतरी आधी, १९१४ मध्ये बॉल्टिमोर न्यूज या वृत्तपत्राने त्याचं कार्ड काढलं होतं. त्याच्या जेमतेम दहा प्रती माहीत आहेत. त्यातली एक डिसेंबर २०२३ मध्ये ७२ लाख डॉलरला विकली गेली.

दुसरी वाट, छापली भरपूर पण पोचली नाहीत. १९५२ ची टॉप्स मालिका एकूण ४०७ कार्डांची होती आणि ती हंगामभर टप्प्याटप्प्याने दुकानांत आली. ३११ ते ४०७ हा शेवटचा टप्पा इतका उशिरा आला की बेसबॉलचा हंगाम सरत आला होता आणि मुलांचं लक्ष अमेरिकन फुटबॉलकडे वळलं होतं. माल पडून राहिला. तो कुणी घेईना, तेव्हा १९६० मध्ये कचऱ्याच्या तराफ्यावर लादून अटलांटिक महासागरात बुडवला, असं बर्गर सांगत. या टप्प्यातली साधी, कॉमन कार्डंही म्हणूनच महाग आहेत.

मँटलचा क्रमांक ३११, म्हणजे तो याच टप्प्यातला. पण छपाईच्या मोठ्या तावावर तो दोनदा होता. त्याच्या शेजारचे ३१२ क्रमांकाचा जॅकी रॉबिन्सन आणि ३१३ चा बॉबी थॉमसन हेही दोनदा. म्हणजे या टप्प्यातल्या बाकी कार्डांच्या मानाने मँटलच्या प्रती जास्त आहेत. तरी भाव त्याचाच, कारण त्याला मागणारे हजारो आहेत आणि बाकीच्यांना मागतात ते फक्त मालिका पुरी करणारे. दुर्मिळतेचा एकटा आकडा काही सांगत नाही, तो मागणीशेजारी ठेवूनच वाचायचा.

तिसरी वाट कंपनीने मुद्दाम केलेल्या टंचाईची. १९३३ च्या गाउडी मालिकेत १०६ हा क्रमांक त्या वर्षी निघालाच नाही. तो मिळेल या आशेने मुलं पाकिटं घेत राहिली. तक्रारीची पत्रं आली, तेव्हा १९३४ मध्ये नॅपोलियन लाझवे याचं कार्ड छापून तक्रारदारांना टपालाने पाठवलं गेलं. ते पत्राला क्लिप लावून पाठवलं गेल्याने त्याच्या अनेक प्रतींवर क्लिपचा ठसा दिसतो. एरवी जे व्यंग ठरलं असतं, ते इथे कार्ड टपालानेच आल्याची खूण ठरतं.

अवस्था: खरा फरक इथे पडतो

एकाच बागेतले, एकाच दिवशी उतरवलेले दोन हापूस चवीला सारखेच असतात, पण सालीवर काळा डाग असलेलं फळ पहिल्या प्रतीच्या पेटीत जात नाही. कार्डांच्या बाजारात ही निवड फार टोकाला गेली आहे. मँटलचं १९५२ चं कार्ड दहापैकी ९.५ श्रेणीत १ कोटी २६ लाखांना गेलं. तेच कार्ड दुसऱ्या एका कंपनीच्या ९ श्रेणीत जानेवारी २०२१ मध्ये ५२ लाखांना विकलं गेलं होतं. १ श्रेणीतली, घड्या पडलेली प्रत काही दहा हजार डॉलरांत मिळते. चित्र एकच, खेळाडू एकच, वर्ष एकच.

श्रेणी देणाऱ्या प्रमुख कंपन्या म्हणजे पीएसए, एसजीसी आणि बेकेट. त्या कार्ड तपासून १ ते १० पैकी श्रेणी देतात आणि ते सील केलेल्या कडक प्लॅस्टिकच्या डबीत बंद करतात. या डबीला स्लॅब म्हणतात आणि डबीबाहेरच्या कार्डाला रॉ. तपासणी चार गोष्टींची होते: चित्र मधोमध आहे का, कोपरे, कडा आणि पृष्ठभाग.

मधोमध आहे का हे घरीच मोजता येतं. चित्राभोवतीच्या पांढऱ्या पट्टीची डावी आणि उजवी रुंदी मिलिमीटरमध्ये मोजा. डावीकडे ३ आणि उजवीकडे २ भरली तर एकूण ५, त्यातले ३ म्हणजे ६० टक्के, म्हणून हे कार्ड ६०/४०. तसंच वर-खाली मोजा आणि दोन्हींतला वाईट आकडा धरा. पीएसएच्या पद्धतीत पुढची बाजू साधारण ६०/४० पर्यंत असेल तर ९ मिळू शकतात, ६५/३५ पर्यंत ८ आणि ७०/३० पर्यंत ७. जुन्या छापखान्यांत ताव कापताना पातं सरकत असे, त्यामुळे पाकिटातून कोरं करकरीत निघालेलं कार्डही जन्मतः ८०/२० असू शकतं. मँटलच्या ३११ मध्ये अशा बाजूला सरकलेल्या प्रती पुष्कळ आहेत. म्हणूनच नीट मधोमध असलेल्या प्रतीसाठी लोक वेडे होतात.

कोपरे भिंगाखाली पाहायचे. साध्या डोळ्यांना टोकदार वाटणारा कोपरा दहापट मोठा केला की त्याचे धागे सुटलेले दिसतात. काळ्या किंवा रंगीत किनारीच्या मालिका इथे मार खातात. १९७१ च्या टॉप्सला काळी किनार आहे, नखाएवढा टवका उडाला तरी पांढरा पुठ्ठा डोळ्यांत भरतो, त्यामुळे त्या वर्षीचं वरच्या श्रेणीतलं कार्ड १९७० च्या तशाच कार्डापेक्षा कितीतरी अवघड आहे. पृष्ठभाग पाहताना कार्ड दिव्याखाली तिरकं धरून फिरवायचं. सरळ पाहताना न दिसणारी घडी अशाने चमकते. पुढून-मागून दिसणारी घडी असली तर कार्ड बहुधा ४ च्या वर जात नाही. वहीतून ओरबाडून काढताना पाठीचा कागद निघाला असेल, तर पुढची बाजू कितीही सुंदर असो, श्रेणी १ किंवा २ वर येते.

अवस्थेमुळे सामान्य कार्ड कसं असामान्य होतं, याचं चोख उदाहरण १९५२ च्या टॉप्समधलं १ क्रमांकाचं कार्ड. त्यावर आहे अँडी पाफ्को. चांगला खेळाडू, पण हॉल ऑफ फेममध्ये नाही. मुलं कार्डं क्रमाने लावून वर रबरबँड चढवत, आणि गठ्ठ्यात सर्वांत वर असायचा पाफ्को. रबराचे चरे त्याला पडले, धूळ त्याच्यावर बसली. खालच्या श्रेणीत तो आटोक्यात मिळतो, ८ च्या पुढे मात्र त्याची किंमत मोठमोठ्या नावांना मागे टाकते. कोणत्याही मालिकेच्या पहिल्या आणि शेवटच्या कार्डाकडे जाणकार यासाठीच वेगळ्या नजरेने पाहतात.

पाठीमागची जाहिरात आणि छापखान्याच्या चुका

टी-२०६ कार्डांच्या मागे सिगारेटच्या छापाची जाहिरात आहे. पीडमाँट आणि स्वीट कॅपोरल या पाठी सर्वत्र सापडतात. ड्रम, उझिट, ब्रॉडलीफ ४६० अशा पाठी फार थोड्या. पुढे तोच कॉमन खेळाडू असताना केवळ मागच्या छापामुळे किंमत अनेक पटींनी वाढते. कार्ड विकत घेताना दोन्ही बाजूंचे फोटो मागायचे ते अवस्थेसाठी, आणि तितकेच यासाठीही.

चुकांबद्दल एक गैरसमज घट्ट बसला आहे की छपाईची चूक म्हणजे मौल्यवान कार्ड. चूक नंतर सुधारली गेली असेल तरच तिला किंमत येते. टी-२०६ मध्ये शेरी मॅगीचं आडनाव आधी चुकीच्या स्पेलिंगने छापलं आणि लवकरच दुरुस्त केलं, म्हणून चुकीच्या स्पेलिंगची प्रत दुर्मिळ. याउलट १९५७ च्या टॉप्समध्ये हँक आरनचं छायाचित्र उलटं छापलं गेलं, त्यामुळे उजव्या हाताने खेळणारा आरन डावखुरा दिसतो. ती चूक कधीच सुधारली नाही. प्रत्येक प्रत तशीच आहे, म्हणून चुकीसाठी जास्तीचा एक डॉलरही मिळत नाही.

हे खरं आहे हे कशावरून?

एवढा पैसा असलेल्या बाजारात लबाडी दोन तऱ्हांची. एक, नवं कार्ड जुनं म्हणून विकणं. दुसरी, खऱ्या कार्डाची डागडुजी करून ते वरच्या श्रेणीचं भासवणं. दुसरी जास्त घातक, कारण कार्ड अस्सलच असतं.

नव्या छपाईची पारख तुलनेने सोपी आहे. आधी मोजमाप. टॉप्सने स्वतःच १९८३ मध्ये १९५२ च्या मालिकेचं पुनर्मुद्रण काढलं, ते आजच्या प्रमाण आकारात, म्हणजे साधारण ६३.५ बाय ८९ मिलिमीटर. मूळ कार्ड त्याहून मोठं. मग दहापट भिंगातून अक्षरं पाहा. चित्रात ठिपके दोन्हींत दिसतील, पण मूळ छपाईत खेळाडूच्या नावाची अक्षरं आणि चौकटीच्या रेघा सलग शाईच्या असतात. स्कॅन करून छापलेल्या नकलेत अक्षरांतही रंगीत ठिपके दिसतात. तिसरी तपासणी अतिनील दिव्याची. महायुद्धाआधीच्या कागदात उजळपणा आणणारी रसायनं नव्हती, त्यामुळे अंधारात या दिव्याखाली कार्ड निळसर पांढरं झगमगलं तर ते त्या काळातलं नाही. या सगळ्यासाठी त्याच मालिकेतलं एक स्वस्त, खात्रीचं कॉमन कार्ड जवळ ठेवावं. कागदाची जाडी, पाठीचा रंग, कडेचा पोत यांची तुलना शेजारी ठेवूनच होते, फोटोवरून नाही.

डागडुजी ओळखणं कठीण. कडा कातरून कोपरे धारदार करणं, उडालेला रंग पेनने भरणं, घडी दाबून सपाट करणं, डाग रसायनाने घालवणं हे नेहमीचे प्रकार. कातरलेलं कार्ड मापात भरत नाही, किंवा त्याच्या तीन कडा जुनाट आणि एक संशय यावा इतकी ताजी दिसते. पण माप कमी भरलं की लगेच चोर म्हणू नये. टी-२०६ मधली अमेरिकन ब्यूटी छापाची कार्डं कारखान्यातूनच अरुंद निघाली होती. साध्या पाण्यात भिजवून जुन्या वहीचा गोंद सोडवणं अनेक संग्राहक मान्य करतात, कारण त्यात कार्डावर काही चढवलं जात नाही. रंग, रसायन आणि कातर मात्र कुणालाच मान्य नाही. अशी कार्डं तपासणीत सापडली की त्यांना आकडा मिळत नाही, फार तर अस्सल असल्याची नोंद मिळते.

श्रेणी देणारे तज्ज्ञही फसू शकतात. सर्वांत गाजलेलं वॅग्नर कार्ड १९९१ मध्ये आइस हॉकीचा महान खेळाडू वेन ग्रेट्झकी आणि त्याच्या भागीदाराने ४ लाख ५१ हजार डॉलरला घेतलं होतं. पीएसएने तपासलेलं ते पहिलं कार्ड, श्रेणी ८. २००७ मध्ये ते २८ लाखांना विकलं गेलं. ते एकेकाळी ज्याच्या हातून विकलं गेलं होतं, त्या बिल मास्ट्रो या लिलावदाराने २०१३ मध्ये शिकागोच्या न्यायालयात कबूल केलं की आपणच त्याच्या कडा कातरल्या होत्या. लिलावातल्या फसवणुकीच्या त्या खटल्यात त्याला २० महिन्यांची शिक्षा झाली. म्हणून स्लॅबवरचा आकडा हा एका जाणकाराचा अभिप्राय समजावा. स्लॅबवरचा प्रमाणपत्र क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून तिथल्या फोटोशी कार्ड ताडून पाहावं आणि डबीच्या कडांना पांढुरके चरे किंवा पुन्हा चिकटवल्याच्या खुणा आहेत का हे तपासावं. बनावट डब्याही फिरतात.

"आमच्या घरी १९९० ची खोकीभर कार्डं आहेत, त्यांचं काय?"

अमेरिकेत वाढलेल्या मराठी मुलांच्या तळघरात अशी खोकी असतात, आणि हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो. खरं उत्तर दुखावणारं आहे: बहुधा काहीच नाही. १९८० च्या दशकात जुन्या कार्डांच्या किमतीच्या बातम्या पसरल्या आणि लोकांनी नवी कार्डं गुंतवणूक म्हणून घ्यायला सुरुवात केली. कंपन्यांनी अफाट संख्येने छपाई केली. सगळ्यांनीच ती प्लॅस्टिकमध्ये जपून ठेवली. जुन्या कार्डांना जी गोष्ट दुर्मिळ करते, ती म्हणजे बाकीच्या प्रतींचा नाश, इथे घडलीच नाही. १९८७ ते १९९३ दरम्यानची न फोडलेली खोकी आजही किरकोळ दरात मिळतात. अप्पर डेक कंपनीच्या १९८९ च्या मालिकेतला १ क्रमांकाचा केन ग्रिफी ज्युनियर यासारखे थोडे अपवाद आहेत, तेही वरच्या श्रेणीतच. विकून पैसा येईल ही आशा सोडा, मुलांना हाताळायला द्या.

"हा सगळा फुगा नाही का?"

काही भाग फुगा होता. २०२० आणि २०२१ मध्ये लोक घरात अडकले असताना मागणी इतकी उसळली की पीएसएला मार्च २०२१ मध्ये बहुतेक सेवा काही काळ बंद ठेवाव्या लागल्या, कारण तपासायच्या कार्डांचे ढीग साचले होते. त्यानंतर अनेक कार्डांचे भाव चांगलेच उतरले. सर्वांत जोरात आपटली ती नव्या खेळाडूंची कार्डं. त्यांची कारकीर्द अजून चालू असते, एक दुखापत झाली की भाव जातो. कॉब किंवा रूथ आता दुखापतग्रस्त होणार नाहीत, त्यांच्या कार्डांची संख्याही वाढणार नाही. त्यामुळे जुनी कार्डं तुलनेने स्थिर राहिली. तरीही गुंतवणूक म्हणूनच कुणी यात उतरत असेल तर थांबावं. मागणी बेसबॉलच्या आठवणीवर उभी आहे आणि ती आठवण मुख्यतः अमेरिकेत आहे. पुढच्या पिढीला ती किती राहील, त्यावर सगळं अवलंबून.

थोड्या पैशांत काय घ्यावं

खालच्या श्रेणीतलं टी-२०६ कॉमन शंभर डॉलरच्या आत मिळतं. शंभराहून जास्त वर्षं जुनी दगडी छपाई आणि गडद रंग हातात घेऊन पाहता येतात. मोठं नाव हवं असेल तर २ किंवा ३ श्रेणीतली अशी प्रत शोधावी जिचं चित्र मधोमध आहे, चेहऱ्यावरून घडी जात नाही आणि रंग टिकलेला आहे. कोपरे गोल झालेले चालतील. एकाच श्रेणीतल्या दोन कार्डांत डोळ्यांना सुंदर दिसणारं पुढे विकायलाही सोपं जातं. भाव ठरवताना मागितलेली किंमत पाहू नये. त्याच कार्डाच्या त्याच श्रेणीतल्या, खरोखर झालेल्या शेवटच्या चार-पाच विक्री पाहाव्यात.

कार्ड आधी मऊ पातळ पिशवीत आणि मग कडक प्लॅस्टिकच्या आवरणात ठेवावं. पीव्हीसीच्या वह्या टाळाव्यात, त्यातून निघणारं तेलकट द्रव्य छपाईला चिकटतं. उन्हाने लाल आणि पिवळा रंग उडतो, तेव्हा भिंतीवर लावायचं झालं तर थेट प्रकाश पडेल अशा जागी नको. स्लॅब पूर्ण हवाबंद नसतो. मुंबईत किंवा कोकणात कार्ड आणलं असेल तर पावसाळ्यात ते सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावं, पुड्या दर काही आठवड्यांनी बदलाव्यात, आणि डब्यातली आर्द्रता ४५ ते ५० टक्क्यांच्या आसपास राहते का हे छोट्या मापकाने पाहावं.

विकताना दोन कपाती धराव्यात. मोठ्या लिलावगृहांत बोलीवर साधारण २० टक्के रक्कम खरेदीदाराकडून वेगळी घेतली जाते आणि बातम्यांतले विक्रमी आकडे बहुधा ती धरूनच असतात, म्हणजे तेवढी रक्कम विकणाऱ्याला मिळालेली नसते. आणि अमेरिकेत कर भरणाऱ्यांसाठी: वर्षाहून जास्त काळ बाळगलेल्या संग्राह्य वस्तूंच्या नफ्यावर संघराज्याचा कर कमाल २८ टक्के आहे, शेअर्सवर तो कमाल २० टक्के. खरेदीची पावती पहिल्या दिवसापासून कार्डासोबत जपावी, नाहीतर नफा किती झाला हे सिद्ध करणं अवघड जातं.